छपरातल्या भिंतीवरचे ठिपके

सन एकोणीसशे चव्वेचाळीस. मला तेव्हा सदतिसावं चालू होतं आणि बायकोला तेहतिसावं. माझी शाळा दुसरीपर्यंतची. तिसरीत मास्तरानं कान धरला म्हणून पाटी त्याच्या पायाशी ठेवून घरी आलो, तो परत गेलो नाही. तरी अंगठा मी जन्मात कुठं लावला नाही, सही करतो. हे आधीच सांगून ठेवतो. पुढं जी चूक सांगायची आहे ती माणूस शिकला नव्हता म्हणून झाली, असं कोणी म्हणू नये. ती ताठ्यानं झाली.

आमचं गाव देऊळघाटापासून कोसभर. घरामागं बैलांचा गोठा आणि गोठ्याला लागून एक छप्पर. घरातल्या बाईला कावळा शिवला, म्हणजे तिची पाळी आली, की चार दिवस तिनं त्या छपरात बसायचं. तिचं ताट वेगळं, तांब्या वेगळा, पांघरूण वेगळं. पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की चुलीपाशी मोकळी. माझी आई तेव्हा साठीच्या पुढची होती. सून छपरात गेली की ती तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घ्यायची आणि छपराच्या मातीच्या भिंतीवर रोज एक ठिपका लावायची. चार झाले की ओळ संपली. पुढच्या खेपेला खाली नवी ओळ. मला वाटायचं, म्हातारीला विटाळाची मोजदाद चुकू द्यायची नाही.

त्या वर्षी ओळी बिघडल्या. चाराचे सहा झाले, सहाचे नऊ. एक ओळ संपून आठ दिवस होत नाहीत तर दुसरी सुरू. बायको महिन्यातला अर्धा वेळ छपरातच दिसायची. तोंड पिवळं पडलं होतं. गावची सुईण तांदळाचं धुवण प्यायला सांगून गेली होती, अंगात उष्णता झाली म्हणे.

आणि एक गोष्ट भिंतीवर नव्हती. ती मला आणि तिलाच ठाऊक. आमचा नवराबायकोचा संबंध आला की दुसऱ्या दिवशी तिच्या लुगड्याला रक्ताचा डाग दिसायचा. हे सांगायला आजही जीभ मागं येते, पण तेव्हा बोललो नाही म्हणूनच आज सांगतो. तिला दुखत नव्हतं. ती म्हणायची, "दुखत नाई, मंग कायले बोभाटा करता?" मीही तेच धरून बसलो.

मला समजत नव्हतं असं मात्र नाही. माझी थोरली बहीण अशीच गेली होती. आधी मधेमधे रक्त, मग थांबेनाच, मग घाण वासाचं पाणी. सासरच्यांनी माहेरी आणून टाकली तेव्हा तिच्याजवळ नाकाला धोतराचा सोगा लावल्याशिवाय बसवत नव्हतं. पस्तिशीही गाठली नाही तिनं. बायकोच्या लुगड्याचा डाग दिसला की मला तो वास यायचा, नसला तरी यायचा. मग मी उठून रानात जायचो.

दसऱ्याच्या आठ दिवस आधी भावकीतला शेजारी गोठ्यात आला. त्याला माझा एक बैल बदल्यात पाहिजे होता. बैलाचे दात बघता बघता त्याची नजर छपराच्या भिंतीवर गेली. ओळींवर ओळी. त्यानं पाह्यलं, गालातल्या गालात हसला आणि म्हणाला, "पाटील, कावळा तुमच्या घरी शिवते का त्यानं इथं घरटंच केलं?"

ज्याच्याकडं आठ-दहा एकर रान त्याला आमच्याकडं सगळे पाटीलच म्हणतात. पण त्या दिवशी त्याच्या तोंडचं पाटील मला शिवीसारखं लागलं. बैल दिला नाही. तो गेल्यावर शेण-माती कालवली आणि ती भिंत मी स्वतः सारवून काढली. सारवणं बायकांचं काम. मला येत नव्हतं, तरी हात फिरवत राहिलो. आठ महिन्यांचे ठिपके होते, एकही ठेवला नाही.

आई तांब्या घेऊन आली तेव्हा भिंत ओली होती.

"काऊन सारवलं?"

"दसरा आहे."

"बाकीच्या भिंती तं तशाच हायेत."

मी हाताची माती धुवायला वळलो. आई ओल्या भिंतीपुढं उभी राहिली, मग तांब्या ठेवून गेली.

दसरा झाला आणि तिसऱ्या दिवशी बायको विहिरीवर घागर उचलताना खाली बसली ती उठेना. ओठ पांढरे. मग मी दमणी, म्हणजे आमची बसायची बैलगाडी, जुंपली आणि तिला बुलढाण्याला बायकांच्या दवाखान्यात नेलं. तिथं एक डॉक्टरीणबाई होती, नागपूरकडची. उंच, बारीक, चष्मा लावणारी. बोलायची हळू, पण एक प्रश्न दोनदा विचारायची नाही.

"किती महिने झाले हे?"

"महिना, दीड महिना."

"पाळी नसताना मधेच रक्त जातं?"

"नाही."

"संबंध आल्यावर जातं?"

खोलीत आणखी एक नर्सबाई होती, दाराशी दोन परक्या बायका बसल्या होत्या. मी म्हटलं, "तसलं काही नाही."

डॉक्टरीणबाईनं बायकोकडं पाह्यलं. बायको पायाच्या अंगठ्याकडं बघत होती. "आतून तपासलेलं बरं," बाई म्हणाली. मी म्हटलं, "त्याची काही गरज नाही. अशक्तपणाचं औषध द्या." तिनं रक्त वाढायचं औषध दिलं आणि बजावून सांगितलं, की मधेच रक्त गेलं तर तसंच निघून यायचं, दुखायची वाट बघायची नाही.

परतीची अर्धी वाट सरली. मग बायको पाठमोरी बसूनच म्हणाली, "तुमी डॉक्टरीणबाईशी खोटं बोलले."

"तू काऊन बोलली नाई मंग?"

"नवरा नाई म्हणते, तिथं बायकोनं हाव म्हणावं काय? दोन परक्या बायाईसमोर?"

बैलाच्या पाठीवर मी उगाच एक फटका ओढला. बैलाचा काही दोष नव्हता.

दोन दिवस मी रानातच काढले. कपाशीची बोंडं फुटायला लागली होती, आणि काम आहे म्हणायला सोपं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आलो तर आई ओसरीवर बसलेली. मला बघून उठली नाही, जेवायलाही विचारलं नाही.

"डॉक्टरीणबाईले ठिपके सांगतले?"

"विटाळाचे ठिपके डॉक्टरांले कायले सांगायचे?"

आई म्हणाली, "विटाळ मोजाले मले भिंत लागते काय रे? चार दिवस बोटावर मोजता येतात. तुझ्या बहिणीचे कोणीच मोजले नाईत. तिची सासू म्हणे, दोनच महिने झाले. पोरगी सोता म्हणे, वरीस झालं. कोणाले काहीच ठाव नव्हतं. म्हून इचे मोजत होते मी. आन् तू सारवून टाकले."

मी ओसरीच्या पायरीवरच बसलो. बहिणीचं नाव आमच्या घरात दहा वर्षांत कोणी काढलं नव्हतं.

पुन्हा दमणी जुंपली. या खेपेला आईही आली. डॉक्टरीणबाईपुढं उभा राहिलो आणि म्हटलं, "बाई, परवा मी खोटं बोललो. आठ महिने झाले. मधेच जातं. संबंध आल्यावर जातं. माझी बहीण अशीच गेली." एका दमात बोललो, कारण थांबलो असतो तर थांबलोच असतो. दाराशी बायका होत्या का नव्हत्या ते मी पाह्यलं नाही.

बाईनं लिहिता लिहिता विचारलं, "आठ महिने हे नक्की?"

"भिंतीवर होतं. आईनं ठिपके लावले होते. मी भिंत सारवली."

तिचा टाक थांबला. तिनं आईकडं पाह्यलं. "आजी, लिहिता येत नाही तरी तुम्ही लिहून ठेवलं होतं," असं म्हणाली आणि मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

बायकोला आत नेलं. आई बरोबर गेली. मी बाहेर कडुलिंबाखाली बसलो आणि पायाखालची एकेक वाळकी लिंबोळी चिरडत राहिलो. मग मला आत बोलावलं. बाईनं टेबलावर एक लोटा पालथा ठेवला आणि सांगितलं, की गर्भाची पिशवी अशी असते, हे तिचं तोंड, खाली. या तोंडाला तिनं आयोडिनचं पाणी लावून पाह्यलं होतं. चांगली जागा त्या पाण्यानं काळपट होते. तुमच्या बायकोची बाकी जागा झाली, पण एका बाजूला चवलीच्या नाण्याच्या अर्ध्याएवढी जागा रंग घेत नाही, पांढुरकी राहते.

"कापडाले खळ राह्यली की रंग धरत नाई, तसं?"

"तसंच समजा. आपलं अंग बारीक बारीक पेशींचं बनलेलं असतं, डोळ्याला न दिसणाऱ्या. त्या जागेतल्या पेशींची वागणूक बिघडलेली दिसते. किती बिघडली ते मला नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा काढलाय. बाटलीत घालून नागपूरला पाठवते. तिथं दुर्बिणीखाली बघतील."

"म्हणजे कॅन्सर?" हा शब्द मी बहिणीच्या वेळी ऐकला होता, तिच्या मरणानंतर.

"असेल, नसेलही. बिघडलेली पेशी म्हणजे कॅन्सर नव्हे. काहींच्या आपोआप सुधारतात. काहींच्या वर्षानुवर्षं तशाच राहतात. काहींच्या बिघडत बिघडत जाऊन कॅन्सर होतो, आणि त्याला वर्षं लागतात. ती वर्षं आपल्या हाताची असतात. तेवढ्यात पाह्यलं तर."

"हे झालं कशानं? तिनं काही..."

"तिनं काही केलं नाही," बाई मधेच म्हणाली. "कशानं होतं ते मला नक्की माहीत नाही. ज्याला माहीत आहे म्हणेल त्याचं ऐकू नका."

आता आमच्या नातसुनेची तपासणी झाली तर लाकडाच्या पट्टीनं नुसतं खरवडून काचेवर घेतलं, दोन मिनिटांत बाहेर आली. दुखणं नाही, रक्त नाही, तरी करून घ्यायची असते म्हणे. तेव्हा आमच्या मुलखात असलं काही नव्हतं. होता तो लोटा, आयोडिन आणि ती बाई.

नागपूरचं उत्तर यायला तीन आठवडे लागतील असं सांगितलं होतं. ते तीन आठवडे कसे गेले ते मला दिवसानुसार सांगता येईल. बायको पुन्हा छपरात. तुकडा काढला तिथून थोडं थोडं रक्त जात होतं. आईनं सारवलेल्या भिंतीवर वरपासून पुन्हा ठिपके सुरू केले. मी रोज बघायचो.

तशात कपाशी पांढरी झाली. आमच्या वऱ्हाडात पहिली वेचणी करण्याआधी सीतादही करतात. रानाच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कपाशीच्या झाडाखाली सात खडे मांडायचे, त्यांवर दही-भात शिंपडायचा आणि घरच्या सवाशिणीनं पहिला कापूस वेचायचा. आई विधवा, तिला चालत नाही. बायको छपरात. मी हट्टाला पेटलो, की वेचणी होईल तर तिच्या हातानं, नाहीतर कापूस राहील झाडावर. मला मनातून वाटत होतं, दुसरीच्या हातानं केलं म्हणजे ही गेली असं मीच कबूल केल्यासारखं होईल.

चार दिवस थांबलो. बोंडांतून कापूस लोंबून मातीला लागला.

बायको छपरातून म्हणाली, "शेजारच्या जाऊबाईले बलवा."

"त्याच्या बायकोले? घरटं म्हणणाराच्या?"

"मंग काय झालं? कापूस मातीत चालला. मी मेले तं रान पडीत ठेवान काय?"

"तसं बोलू नको."

"तुमी बोलत नाई, मंग मीच बोलते. मले जगाचं हाय, पण मी जगो न जगो, कापूस तं वेचावाच लागते."

मी शेजाऱ्याच्या दारी गेलो. तो खाटेवर बसून सुतळी वळत होता. म्हटलं, "उद्या सीतादही आहे. वहिनीले पाठव."

त्यानं सुतळी खाली ठेवली. "तुमच्या घरी बरं नाई, ऐकलं."

"बुलढाण्याला दाखवलं. नागपूरचं उत्तर यायचं आहे."

तो खाटेवरून उतरला. "त्या दिवशी गोठ्यात मी बोललो..."

"बोलला. आता वहिनीले पाठव."

त्याची बायको आली. खडे तिनं मांडले, दही तिनं शिंपडलं. पहिला वेचलेला कापूस तिनं ओच्यातून घरी आणला आणि छपरासमोर, शिवायचं नाही म्हणून हातभर अंतरावर, बायकोपुढं ठेवला. दोघी काय बोलल्या मला ऐकू आलं नाही. पण बायको त्या दिवशी पोटभर जेवली.

बाविसाव्या दिवशी आम्ही तिघं बुलढाण्याला गेलो. पत्र आलेलं होतं. बाईनं ते टेबलावर ठेवलं होतं आणि त्यावर हात ठेवला होता.

"कॅन्सर नाही," ती पहिल्यांदा हेच म्हणाली.

आई खालीच बसली. मी उभा होतो. मला बाईच्या तोंडावर पुढचा शब्द दिसत होता.

"पण पेशी बिघडलेल्या आहेत, बऱ्यापैकी. वरच्या थरातच आहेत, खोल गेलेल्या नाहीत. ती जागा आता काढून, भाजून टाकायची असं माझं म्हणणं आहे. भूल देऊन."

मी पत्र मागितलं. इंग्रजीतलं होतं, मला एक अक्षर लागत नव्हतं, हे तिलाही दिसत होतं. तरी तिनं दिलं. मी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि परत दिलं.

"तुम्ही म्हणाल्या होत्या, काहींचं आपोआप सुधारते."

"सुधारतं. तिचं सुधारेलही. नाही सुधारलं तर कधी खोल जाईल हे मी सांगू शकत नाही. मी त्यावर पैज लावणार नाही. तुम्ही लावता?"

बहीण डोळ्यापुढं आली. मग मी बायकोकडं वळलो. आजपर्यंत दवाखान्यात तिला कोणी विचारलं नव्हतं, मी तर नाहीच. म्हटलं, "तू सांग."

ती डॉक्टरीणबाईला म्हणाली, "करा बाई. पण मी बेसुद असताना याईले बाहीर बसवजा. हे आत आले तं तुमालेच शिकवतीन."

नर्सबाई तोंडाला पदर लावून हसली. मी सही केली. अक्षरं पुरी काढली.

भूल द्यायचं औषध लढाईमुळं वेळेवर मिळत नव्हतं. पाच दिवस आम्ही धर्मशाळेत काढले आणि रोज सकाळी विचारायला जायचं, आलं का. सहाव्या दिवशी आलं आणि बायकोला आत नेलं. आत तासभर लागला असेल. मी त्याच लिंबाखाली बसलो होतो. तिथं लिंबोळ्याही उरल्या नव्हत्या. बाई हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, जेवढं दिसत होतं तेवढं सगळं काढलंय.

"म्हणजे संपलं?"

"नाही. आज संपलं. तीन महिन्यांनी दाखवायचं, मग दर सहा महिन्यांनी. बरं वाटतं म्हणून चुकवायचं नाही. बिघाड पुन्हा येऊ शकतो आणि आला तर दुखून सांगत नाही. दीड महिना तिच्याजवळ जायचं नाही, हे तुम्हाला सांगतेय. खपली सुटताना थोडं रक्त दिसेल, त्याला भिऊ नका. जास्त गेलं, घाण वास आला, ताप आला, तर लगेच या. आणि रक्त दिसलं तो प्रत्येक दिवस मला कळला पाहिजे. लिहिता येतं ना?"

"सही येते."

"मग?"

"आमच्या घरी ठिपके लावतात."

"चालतील," बाई म्हणाली. "पुसू नका."

दहा दिवसांनी घरी आणली. दमणीत गवताचा जाड थर घातला होता आणि बैल माणसाच्या चालीनं हाकले. घराशी उतरल्यावर ती सवयीनं छपराकडं वळली. मी म्हटलं, आता त्या छपरात जायचं नाही, घरात नीज. तर आईच म्हणाली, "बसू दे तिथं. घरात आली की भाकरी थापाले लागन. छपरात कोणी काम तं सांगत नाई." बायको हसली आणि छपरातच गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैलांना कडबा टाकत होतो. बायकोनं छपरातून हाक मारली आणि हळूच म्हणाली, "आज जरासं दिसलं. थोडंच." बाईनं सांगितलं होतं तेवढंच होतं. आई अजून उठली नव्हती. मी माझी तंबाखूची डबी काढली, बोटावर चुना घेतला आणि छपरात न जाता पुढं ओसरीवर आलो. दाराशेजारच्या भिंतीवर, जिथं येणारा-जाणारा माणूस पान खायला टेकतो, तिथं हात पुरेल तेवढ्या उंचीवर एक ठिपका लावला. जरा मोठाच झाला. मग बोट धोतराला पुसलं आणि उरलेला कडबा टाकायला गोठ्यात गेलो.